बाबांनी फोन ठेव म्हटलं नाही

स्टेट कॉलेज, अमेरिका, फेब्रुवारी २००४

ताई,
नमस्कार सगळ्यांना, पण हे पत्र कुणाला दाखवू नकोस. म्हणून तर तुझ्या बँकेच्या पत्त्यावर टाकलंय.

मी मजेत आहे. सध्या गोठलेल्या नदीवर चालायचं काम आहे. बर्फ कधी फुटेल ते आधी कळलं, तर काठावरच्या गावांना वॉर्निंग देता येते. घाबरू नकोस, कमरेला दोर असतो. त्याचं दुसरं टोक यामिनी धरते, माझी लॅबमेट, नागपूरची. सारखी ओरडते, "हीरो बनू नको यार, आधी पहार आपट!"

प्रत्येक पावलाआधी पहार आपटतो. बर्फ पक्का असला की टणटण वाजतो. परवा एके ठिकाणी बद्द वाजला. दिसायला एकदम छान होता. मी लगेच मागे फिरलो. बूट भिजले, तेवढंच.

रविवारी बाबांचा आवाज मला तसाच वाटला. दर वेळी दोन मिनिटांत "फोनचं कार्ड संपेल तुझं, ठेव आता" म्हणतात. या वेळी म्हणाले, "बोल रे, अजून बोल." मागे आई उगाच मोठमोठ्याने हसत होती. तू तर फोनवर आलीच नाहीस.

आजी गेली तेव्हाही माझी परीक्षा संपल्यावर सांगितलंत. आता काय लपवताय? लिहूनच कळव, लिहिताना तुला खोटं जमत नाही.

आणि खरंच काही नसेल, तर पुढच्या फोनला बाबांना "ठेव आता" म्हणून माझ्यावर ओरडायला सांग.

मोजे वाळत घालून बसलेला तुझा,
परीक्षित