देवनहळ्ळीचा चकोता

सुलभा,

आज देवनहळ्ळीला जाऊन चकोता आणला. तुझी पुण्याची बहीण ज्याला पपनस म्हणायची, तोच.

आपल्या शलाकाला पाचवा महिना आहे. काल तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो होतो. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझं पाऊल जन्मतःच आत वळलेलं होतं. बाळाचं?" सोनोग्राफीत दोन्ही पावलं सरळ दिसली. मग मीच विचारलं, "आईचे डोहाळे पुरवले नाहीत म्हणून तसं होतं का?" शलाका हसली, पण बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही, आजोबा. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पण डोहाळ्यांनी नक्कीच होत नाही."

तुला चकोता हवा होता तेव्हा हंगाम नव्हता. "स्वल्प दिवस थांबा, अण्णा," असं म्हणून बागवाल्यानं मला रिकाम्या हातानं परत पाठवलं होतं. पुढे बारशाला शलाकाच्या पायाचं प्लास्टर बघून माझी आई सगळ्यांदेखत मला म्हणाली, "डोहाळे अपुरे ठेवलेस." तू पाळण्याची दोरी हातात धरूनच म्हणालीस, "मला चकोता आवडतच नाही."

ते खोटं निभावायला तू जन्मभर त्याची एक फोडही तोंडात घातली नाहीस. मी सोलायला बसलो की मात्र काहीतरी निवडायचं निमित्त करून शेजारी येऊन बसायचीस, वास येईल इतक्या जवळ.

आज सोलताना मी सवयीनं सरकून तुला जागा केली. आता खायला हरकत नव्हती गं.

तुझा,
श्रीरंग