घाटावर सोडलेली सोयावडी

मदन महल, जबलपूर

प्रिय सुनेत्रा,

अनेक आशीर्वाद. हातात फोन असताना दादाने पत्र काहून लिहिलं, असं तुला वाटेल. तुझ्याशी फोनवर बोलायला लागलं की तुझे यजमान भय्यासाहेब स्पीकर लावायला सांगतात, आणि दोन वाक्यांनंतर तुझ्याऐवजी तेच बोलत असतात. या पत्रातलं काहीही मला त्यांना ऐकवायचं नाही. आमची मेघना रविवारी सिहोऱ्याला येते आहे, ती हे तुझ्याच हातात देईल. एकटी बसून वाच.

आधी तुझ्या वहिनीची, नंदाची खबर. तिची थांबलेली किमो या मंगळवारी झाली. उलट्या झाल्या, पण मागच्यापेक्षा कमी. ती मध्ये थांबली कशामुळे, हे तुला कोणी नीट सांगितलेलं नाही, म्हणून मी सांगतो. ती तुझ्यामुळे थांबली होती.

औषध सुरू झालं तेव्हा नंदाच्या तोंडाची चव गेली. दुधाचा वास सहन होईना, डाळ घशात अडकायची, पनीर तोंडात घेतलं की रबर वाटायचं. अंडं आपल्या घरात येत नाही, तिने आयुष्यात खाल्लं नाही. एकच पदार्थ पोटात टिकत होता, तो म्हणजे सोयावडीचा पातळ रस्सा, तिखट न घालता. रोज वाटीभर खायची आणि त्या वाटीवर उभी राहायची. डॉक्टरीण बाई तिचं वजन पाहून म्हणाल्या होत्या, हेच चालू ठेवा.

मग नर्मदा जयंतीला तू आलीस. स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण उचललंस आणि किंचाळलीस, "वहिनी, हे खाऊन राहिली तू? विष आहे हे, विष! छातीच्या आजारात सोया?" भय्यासाहेबांनी पलंगावरूनच साथ दिली, "श्यामभैया, सोया मतलब सीधा हार्मोन. समझे?" मला काही समजलं नाही, कारण त्यांनाही काही समजलेलं नव्हतं. मेघनाने तेवढं विचारलं, "आत्या, तू डॉक्टर आहे क्या?" त्यावर तू रुसलीस. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, मी ड्यूटीवर असताना, रक्तातल्या पेशी उतरलेल्या बाईला तू नर्मदेवर, ग्वारीघाटाच्या त्या गर्दीत नेलंस. तिच्या ओंजळीत पाणी दिलंस आणि जन्मभरासाठी सोयाबीन सोडायला लावलंस. लोक काशीला जाऊन एखादं फळ सोडतात, एखादी भाजी सोडतात. आपल्या आवडीचं सोडावं आणि मन थोडं मोकळं करावं, असा त्यामागचा भाव. तू त्याचं काय केलंस? आजारी बाईच्या ताटातला एकुलता एक घास काढून घेतलास आणि त्याला व्रत म्हणालीस.

तू पाठवलेला तो सोयाचा व्हिडिओ मी पूर्ण पाहिला, दोन वेळा पाहिला. बोलणाऱ्याच्या गळ्यात माळ, मागे पुस्तकांचं कपाट, पुस्तकं अशी कोरी की एकही कधी उघडलेलं नसावं. तो माणूस म्हणतो सोयाने गाठी होतात, आणि पुढच्याच दमात कुठलंसं चूर्ण मागवायला सांगतो. मझौलीच्या शाळेत आपण टाटपट्टीवर बसून शिकलो, छपरातून गळायचं, पण गुरुजी विचारायचे, हे तुला कोणी सांगितलं आणि त्याला कोणी सांगितलं? तू बी.ए. झालीस, मी अकरावीनंतर फॅक्टरीत लागलो, आणि तो प्रश्न तू विसरलीस.

जरा स्वतःच्या घरात पाहा. भय्यासाहेबांची मंडीतली आडत कशावर चालते? पोत्यांमागून पोती सोयाबीन. घराचा वरचा मजला त्याच धंद्यातून चढला. दुसऱ्यांनी खावं म्हणून विकायला ते चांगलं, आणि माझ्या बायकोच्या वाटीत आलं की विष! त्या दिवशी तू आमच्यासाठी पुऱ्या तळल्यास ते रिफाइंड तेल कशाचं होतं, पिंपावरचं चित्र पाहिलंस का? सोयाबीनचंच होतं. कोणी मेलं नाही. तू तर तीन पुऱ्या जास्त खाल्ल्यास. आपल्या आईने गव्हात सोयाबीन दळून आपल्याला वाढवलं. भाजलेले दाणे फ्रॉकच्या खिशात भरून शाळेत कोण जायचं, तेही मीच सांगू का?

आणि त्या गोळ्या. "स्त्रियांच्या शक्तीसाठी", भय्यासाहेबांच्या मित्राकडच्या, सोनेरी डबीतल्या. तू नंदाच्या उशाशी ठेवून गेलीस. ती डबी मी डॉक्टरीण बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली आणि मला विचारलं, "हे कुणी आणून दिलं?" त्या गोळ्यांत सोयाबीनचाच अर्क होता, दाटून भरलेला. ज्याला विष म्हणून तू आमच्या पातेल्यातून हद्दपार केलंस, तेच तू सोनेरी डबीत घालून आणलं होतंस. सुनेत्रा, मी त्यांच्यासमोर मान वर करू शकलो नाही. माझी बहीण आहे, असं म्हणालो.

त्यांनी जे सांगितलं ते मी तुझ्यासाठी नीट विचारून घेतलं. सोयाबीनमध्ये बाईच्या हार्मोनसारखं दिसणारं काहीतरी असतं, म्हणून ही भीती निघाली. पण दिसायला सारखं असलं तरी त्याचं बळ फार थोडं असतं. हा आजार झालेल्या हजारो बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. ज्या जेवणात सोया खात होत्या, त्यांचा आजार त्यामुळे उलटला असं दिसलं नाही. काही ठिकाणी तर अशा बायकांचं उलट थोडं जास्त चांगलं चाललेलं दिसलं. सोयाची डाळ, वडी, दूध, बेताने रोजच्या जेवणात चालतं. अर्काच्या गोळ्या आणि चूर्णं मात्र घेऊ नयेत, कारण त्यांची तशी खात्री कोणी दिलेली नाही. एवढंच. या चार वाक्यांसाठी तुला जबलपूरला यायचीही गरज नव्हती, एक फोन पुरला असता.

पण नंदा ऐकेना. डॉक्टरीण बाईंवर तिचा विश्वास आहे, तरी म्हणायची, "त्यांचं खरं असेल, पण मी नर्मदामैयाला शब्द दिला आहे." मी मुगाचं कढण केलं, राजगिऱ्याची खीर केली, मेघनाने टीव्हीवर पाहून काहीबाही केलं. सगळं बाहेर आलं. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. ठरलेल्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो तर वजन आणि रक्त पाहून त्यांनी औषध दिलंच नाही. आधी खा, मग या, म्हणाल्या. आजार वाट पाहत नाही, हे नंदालाही माहीत होतं.

तुला ठाऊक आहे, मी देवाचं फारसं बोलत नाही. सकाळी पोथीचं एक पान वाचतो, जमलं की घाटावर जातो, तेवढंच. पण त्या आठवड्यात मला इतकी चीड आली की पोथी उघडवेना. मैयाला काय करायचं आहे तुमच्या घाबरटपणाचं? तिच्या पाण्यात तुम्ही निर्माल्य टाकता, प्लास्टिक टाकता, आता भीतीही टाकायला लागलात आणि वर तिलाच साक्षीदार करता. नंदाची श्रद्धा मोडायला सांगणं हा एक उपाय होता. तो मला करवेना. तिने मनापासून शब्द दिला होता. त्या जागी उभं करणारी तू चुकलीस, तिची चूक नव्हती.

म्हणून एका पहाटे मी एकटा गेलो. गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, ओंजळ भरली आणि म्हणालो, नंदाने जे सोडलं ते आजपासून मी सोडलं. तिचं तिला परत दे. यात काही दोष लागत असेल तर तो माझ्याकडे पाठव. शास्त्रात हे बसतं की नाही मला माहीत नाही, मी कोणाला विचारलंही नाही. घरी येऊन नंदाला सांगितलं. "असं चालते?" म्हणाली. मी म्हणालो, "मैया नाही म्हणाली नाही." तिला हसू आलं, आणि त्या दुपारी तिने वाटीभर रस्सा घेतला. तो टिकला.

आता रोज वड्या मीच भिजवतो, मीच फोडणी देतो, आणि खात नाही. सोयाबीनची ती मूर्ख बंदी मोडायला निघालेला मीच आज या घरात ती पाळणारा एकटा माणूस आहे. हसायचं असेल तर हस. गोष्टही तशीच आहे.

आता जे खरं लिहायचं आहे ते. गुरुवारी तू नंदाला फोन केलास, आमच्याकडे कोणी घरी नसताना. तू विचारलंस, वहिनी, तुझी गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा दुखत होती का? मग विचारलंस, तिथली कातडी आत ओढल्यासारखी दिसते का? आणि काखेत? नंदाने उत्तरं दिली आणि फोन ठेवून रडत बसली. संध्याकाळी तिने मला सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस. असे प्रश्न कोणी दुसऱ्यासाठी विचारत नाही, सुनेत्रा. लहानपणी पायात काटा मोडला तर तू सांगायची नाहीस, लंगडतही नाही असं दाखवत चालायचीस, आणि पाय सुजला की मगच बाबांना कळायचं. किती महिने तू अशी चालते आहेस? सोयाबीन बंद केलं की ती गाठ विरेल, असं तुला कोणी सांगितलं, आणि त्याला कोणी सांगितलं? वर लिहिलेला एकही शब्द मी खोडत नाही. या भीतीला मी तुच्छच म्हणतो, कारण तिने तुला वाटीतलं विष दाखवलं आणि स्वतःच्या अंगाकडे पाहू दिलं नाही. खाणं सोडून मी नंदाचं ओझं घेऊ शकलो. तुझी गाठ कोणी आपल्या अंगावर घेऊ शकत नाही. तसं होत असतं तर तुला हे पत्र लिहिलंच नसतं, सरळ घाटावर गेलो असतो. सोमवारी डॉक्टरीण बाईंची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. कदाचित काहीच नसेल, बऱ्याच गाठी साध्या असतात असं त्याच म्हणाल्या. भय्यासाहेबांना सांग, वहिनीच्या सोबतीला जाते आहे. सकाळच्या बसने ये, मी स्टँडवर उभा असेन. पोटात काहीतरी घालून ये, तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, मी विचारून घेतलं आहे. दुपारचा डबा नंदा करणार आहे. त्यात काय आहे ते विचारू नकोस, गुपचूप जेव.

तुझाच,
श्यामदादा