आवाजावर सनई

३ नोव्हेंबर

बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस म्हणजे राष्ट्रीय सण! ७ डिसेंबरला इथे जयपुरात टोंक रोडवर हॉल, सातारा-कराडहून नातेवाईक, आणि मोठ्या पडद्यावर 'आमचं जयपूर'. म्हणजे बाबांच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या टेपा — काड्यापेटीपेक्षा जरा मोठ्या, बुटाच्या खोक्यात वर्षानुवर्षं पडलेल्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवायचं काम अर्थात माझ्याकडे. "अनू, तू कॉम्प्युटरवालीच आहेस." मी कंपनीत पगाराचं सॉफ्टवेअर सांभाळते. पण ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं बाबांच्या लेखी माझं खातं.

आई म्हणाली, "करून टाक गं." आईची सगळी वाक्यं अशीच. करून टाक, देऊन टाक, सोडून दे.

५ नोव्हेंबर

कॅमेरा चालू होतो, हेच आश्चर्य. पण जोडायची केबल वेगळीच, आणि माझ्या लॅपटॉपला तसं तोंडच नाही. गोपालपुऱ्यातली दुकानं पालथी घातली. कोचिंगच्या पोरांना चार्जर विकणारे ते भैया काय सांगणार? "मॅडम, ये तो म्यूझियम में मिलेगी!" आणि स्वतःच्याच विनोदावर खूश. शेवटी ऑफिसातल्या एकाच्या घरी धूळ खात पडलेला डेस्कटॉप आणला. केबलसकट.

८ नोव्हेंबर

तासाची टेप उतरायला तासच लागतो. कॉपी-पेस्ट नाही! टेप फिरणार, कॉम्प्युटर ते बघत बसणार, आणि आपणही. मधेच चित्राचे चौकोनी तुकडे होतात — मग टेप मागे घ्या, पुन्हा सुरू.

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसतात. "हे बघ, आमचं ऑफिस. ही माझी केबिन." इन्शुरन्स कंपनीची पाटी. नवी गाडी. नव्या गाडीची मागची बाजू. मग फ्रीज. फ्रीज! दार उघडून, आतला दिवा लागतो हे दाखवून.

त्यावर टेपमध्ये कॅमेऱ्यामागून आवाज आला — "बाबा, फ्रीजला हसायला सांगू का?"

आसावरी. कॅमेरा कायम तिच्याच हातात असायचा, हे मी विसरले होते. बाबाही. ते उठले आणि पाणी प्यायला गेले.

९ नोव्हेंबर

फर्मान निघालं. "ती दिसते तिथे तिथे कापून टाक. लोकांसमोर तमाशा नको."

ती म्हणजे त्यांची थोरली मुलगी. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून इथे दुर्गापुऱ्याला आली तेव्हा तिच्या गालावर वळ होता. बाबांना तो दिसला नाही. जावई त्यांच्या जुन्या साहेबांचा मुलगा — त्यांना साहेब दिसले. "तिकडे परत जा, नाहीतर इथेही येऊ नकोस." ती बडोद्याला गेली, तिथेच नोकरी करते. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघत नाही.

आईनं त्या दिवशी काय केलं? डोळे पुसले आणि कुकर लावला.

१३ नोव्हेंबर

मी बाबांना सांगितलं, "ती दिसत नाही. ऐकू येते. सगळीकडे."

वाटलं, गप्प बसतील. पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "मग आवाज बंद कर. वर सनई टाक."

सनई! फ्रीजवर सनई, ऑफिसच्या पाटीवर सनई. या माणसानं आयुष्यभर लोकांच्या मरणाचे दावे पास केले, त्याला पोटची मुलगी पुसून टाकायला पाच मिनिटं पुरली.

१६ नोव्हेंबर

आज चाकसूची जत्रा उतरवली. शीतलामातेची. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून सगळे शिळं, गार जेवण घेऊन बसलेले. बाबा मागे कुणावर तरी ओरडतायत, अर्थात. आणि आसावरीनं कॅमेरा आईवर धरलाय.

"आई, इकडे बघ. तुला काय व्हायचं होतं गं?"

"व्हायचं काय? झाले की तुमची आई."

"ते नाही. खरं सांग."

आईनं तोंडावर पदर धरला आणि हसायला लागली. खांदे हलेपर्यंत. "मला ना, गार्ड व्हायचं होतं. रेल्वेचा. हिरवं निशाण हलवायचं आणि सगळ्यात शेवटच्या डब्यात एकटीनं बसायचं."

मी वळून बघितलं तर आई दारात उभी. हातात निवडायची मेथी. "जरा आवाज वाढव ना," म्हणाली. मी वाढवला. ऐकलं आणि आत गेली. बस! एवढीच हिची मजल. आवाज वाढव.

१७ नोव्हेंबर

चाकसूवर सनई टाकली.

२३ नोव्हेंबर

एक टेप कॅमेऱ्यात अडकली. बाबा म्हणे, "हळू काढ, त्यात माझा सत्कार आहे." त्यांचा सत्कार नसलेली टेप दाखवा आणि बक्षीस मिळवा.

आई रोज काही ना काही निमित्तानं खोलीत येते. चहा, लाह्या, केर. उभी राहून बघते, काही बोलत नाही. मला राग येतो. एकदा तरी म्हण ना — अहो, माझ्या मुलीचा आवाज काढायचा नाही! पण छे. हिला कणाच नाही. सगळं आयुष्य दोन खोल्यांच्या मधल्या दारात काढलं.

मी तरी बरी. निदान मला चीड येते.

३० नोव्हेंबर

झालं. दोन तासांची फिल्म तयार. बाबांनी पूर्ण बघितली. "छान. स्वच्छ झालंय." त्यांचा शब्द — स्वच्छ.

७ डिसेंबर

पार पडलं ते थोतांड. बाबा फेट्यात. पडद्यावर सनई वाजतेय आणि माणसं नुसती तोंडं हलवतायत. लोकांना काही वाटलं नाही! "काय आठवणी!" म्हणत गुलाबजाम खात होते. एकट्या मालनआत्यानं, बाबांच्या बहिणीनं, भर पंगतीत विचारलं — "नंदू, आसावरी कुठाय रे? लेकीला बोलावलं नाहीस?"

"तिला सुट्टी नाही मिळाली," बाबा म्हणाले. पापणी न लवता. तिला सुट्टी मागायची संधी कुणी दिली?

शेवटी आईच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोला, वहिनी! मी श्वास रोखून बघत होते. आई माईककडे बघत राहिली. मग पडद्याकडे. मग म्हणाली, "जेवल्याशिवाय कुणी जाऊ नका."

टाळ्या!

मी मान खाली घातली. लाज वाटली तिची.

९ डिसेंबर

आई घरात नाही. सकाळी देवळात जाते म्हणून निघाली, ती आलीच नाही. अकराला तिचा फोन आला. मागे गाडीचा आवाज.

"अनू, दुर्गापुऱ्यालाच गाडीत बसले. कोटा आलं बघ आत्ता. आसावरी बडोद्याला स्टेशनवर न्यायला येणारेय. आता मी तिच्याकडेच राहणार. ह्यांना तू सांग, मला सांगवणार नाही."

मी म्हटलं, अगं आई, असं एकाएकी?

"एकाएकी कुठे? सहा वर्षं दर मंगळवारी बोलतोय आम्ही. परवाचं कार्य होऊ दे, मग निघते, म्हटलं होतं तिला. चार लोकांत ह्यांना उघडं पाडायचं नव्हतं." आणि म्हणाली, "तुझ्याबद्दल विचारते ती. नेहमी."

मी आईकडून आसावरीचा नंबर लिहून घेतला. माझ्याकडे नव्हता.