खमीस बसला की चालू होणारा पंखा

प्रति,
मा. पर्यवेक्षक साहेब,
विद्यार्थी वाहतूक कक्ष,
वादी सिद्र.

अर्जदार : हिलाल बिन हमूद, बसमालक व चालक, मुलींची शाळा, मार्ग क्र. ४.

विषय : बसमधील एसीच्या पंख्याशी होत असलेल्या छेडछाडीची चौकशी होण्याबाबत, तसेच खालील मुद्दा क्र. ६ मधील विनंतीबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १५ एप्रिलचा तक्रार अर्ज. २) त्यावरून खमीस बिन मरहून यांची बस चौकशी होईपर्यंत थांबवण्याचा आपला दि. २० एप्रिलचा आदेश.

महोदय,

१. मी गेली अकरा वर्षे मुलींची ने-आण करीत आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्या बसमधील एसीचा पंखा मनाला येईल तेव्हा बंद पडतो. यंत्र गार हवा तयार करते, पण ती पुढे ढकलायला पंखा नसतो. शाळा भर दुपारी सुटते, तेव्हा बसच्या पत्र्याला हात लावता येत नाही. दि. १० एप्रिल रोजी तिसरीतील शम्सा ही मुलगी उलटी होऊन आसनावर आडवी पडली. तिच्या आईने मुलीला उचलून घरात नेले आणि दार लावून घेतले. त्यानंतरच मी तक्रार केली.

२. पंखा बिघडलेला नाही, अशी माझी खात्री आहे. बिघडलेली वस्तू बिघडलेलीच राहते. सदर पंखा गॅरेजात तासभर बिनतक्रार चालला. मुनव्वर मिस्त्रीने फ्यूज बदलला, रिले बदलला आणि म्हणाला, "अरबाब, मालक, गाडी ठणठणीत आहे." मी फाटकाबाहेर पडलो आणि पंखा बंद. आपल्या तपासनिसांसमोरही तो सुरळीत चालला व त्यांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला. साहेबांसमोर चालणारा आणि मुलींसमोर बंद पडणारा पंखा आपल्या बुद्धीने वागत नसून त्यामागे कोणाचा तरी हात आहे.

३. हा हात माझा मेहुणा खमीस याचा असल्याचा संशय का आला, ते नमूद करतो. त्याची व माझी बस एकाच छपराखाली उभी राहते. तो पूर्वी सैन्याच्या गाड्या दुरुस्त करीत असे. एकदा पंखा बंद असताना तो शेजारच्या आसनावर बसला, त्याने पाय ताणले आणि पंखा चालू झाला. तो उतरला, बंद. त्याला पुन्हा बसवले, चालू. मी त्याला चार वेळा चढवून उतरवले. चौथ्या वेळी तो म्हणाला, "हिलाल, आता मला शाळेतच नेऊन बसव, म्हणजे तुझी काळजी मिटेल." ज्याच्या बसण्याने पंखा चालू होतो त्याच्याच करणीने तो बंद होत असणार, हे आपल्यासारख्या अनुभवी अधिकाऱ्यास सांगणे नलगे.

शिवाय, आम्ही दोघेही दर शनिवारी संध्याकाळी बसमध्ये लोबान जाळतो, म्हणजे रविवारी शाळेचा आठवडा सुरू होताना मुली सुवासात बसतात. पालक खमीसच्या बसच्या वासाचे कौतुक करीत. फेब्रुवारीपासून ते माझ्या बसचे करू लागले. तेव्हा तो म्हणाला, "धूपाटणं पुढे ठेवू नकोस रे, मागे मधल्या वाटेत ठेव." माझा वास त्याला सलत होता, हे उघड आहे.

४. पुरावा मिळावा म्हणून मी बसभोवती पाच दिवस पीठ पसरले. ठसे उमटले ते फक्त माझ्याच चपलांचे. खमीसने माझ्या चपला वापरल्या काय, याचीही चौकशी व्हावी. माझी पत्नी जुवैना आमच्या मुलाच्या नावाने मला हाक मारून म्हणाली, "अबू हमूद, पंखा बिघडवायचा तर माणूस एकदाच बिघडवील. रोज येऊन थोडा थोडा कशाला बिघडवील?" ती खमीसची सख्खी बहीण असल्याने तिच्या म्हणण्याला किती वजन द्यावे, हे आपणच ठरवावे.

५. येथवरचा मजकूर मी रविवारी लिहिला. तो फाडणार होतो. पण फाडला असता तर मी कोणत्या थराला गेलो होतो, हे आपल्याला कळले नसते.

सोमवारी मुनव्वर डॅशबोर्डखाली पाठीवर आडवा झाला व एकेक वायर हलवून पाहू लागला. एका वायरीला हात लागताच पंखा सुरू झाला, हात काढताच थांबला. त्याने पंख्याचा प्लग ओढून काढला. तो एका बाजूने वितळून हलव्यासारखा ओघळला होता आणि आतली पट्टी सैल झाली होती. "अरबाब, इथे विस्तव कोण ठेवतं?" त्याने विचारले. कोणी नाही, असे मी म्हणालो. त्याने पायाखालचे मॅट उचलून लोबानचा चिकटलेला खडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

साहेब, धूपाटणे मीच तिथे ठेवत होतो. पंखा धूर आत ओढतो आणि मग आठवडाभर गार हवेला सुवास येतो, ही माझीच युक्ती होती. खमीसपेक्षा जास्त वास यावा म्हणून मी निखारेही दुप्पट घालीत असे. शेजारी जो बसेल, मग तो मिस्त्री असो, तपासनीस असो वा खमीस, त्याच्या पायाने वायर दाबली जाई आणि सैल प्लग पुन्हा जुळे. तरीही मला मुनव्वरचा संशय आला. मी तोच प्लग दुसऱ्या गॅरेजात नेला. तिथल्या मिस्त्रीने हातात न घेताच तेच सांगितले.

६. सबब माझी दि. १५ एप्रिलची तक्रार मी मागे घेत आहे. खमीसची बस आजच्या आज सुरू करावी. गेले अठरा दिवस ती छपराखाली उभी आहे. तो रोज पहाटे येऊन तिच्या काचा पुसतो आणि परत जातो. मुलींच्या बसला हात लावणारा माणूस, असे त्याच्याबद्दल बोलले जाते, आणि ते माझ्या तोंडून सुरू झाले. याची मला लाज वाटते.

तो माझा फोन घेत नाही. मी तीनदा दारात गेलो. तिन्ही वेळा खजूर आणि कॉफी बाहेर आली, तो आला नाही. जुवैनाला मध्ये पडायला सांगितले, तर ती म्हणाली, "तक्रार करताना मला विचारलं होतं का?"

म्हणून नम्र विनंती की, जबाबासाठी आम्हा दोघांना एकाच दिवशी, एकाच वेळी बोलावणे पाठवावे. माझ्या हाकेला तो ओ देणार नाही, पण सरकारी बोलावण्याला त्याला यावेच लागेल. आपल्या कक्षाबाहेर एकच बाक आहे. आम्हाला तिथे दोन तास ताटकळत ठेवले, तरी माझी काहीही तक्रार राहणार नाही.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारा,
(सही)
हिलाल बिन हमूद
बुधवार, दि. ७ मे २०२५

सोबत :
१) वितळलेला प्लग, कागदात गुंडाळून.
२) दोन्ही मिस्त्रींचे लेखी म्हणणे.
३) माझ्या चुकीच्या कबुलीची प्रत. मूळ कागद आज सकाळी मुली उतरण्यापूर्वी शाळेच्या फाटकावर लावला आहे.