अक्काच्या नावाचा करंज

कराची, ता. ३ फेब्रुवारी १९३८
बागेत आज बायांची सभा. निवडणुकीत बायांना मत असावं म्हणून ज्या झटल्या, त्यांच्या नावानं झाडं लावली. खड्डे म्याच खांदले. जिच्या नावाचं झाड ती बाई समोर उभी, हसत पाणी घालती. डोकं फिरलं. आमच्यात माणूस गेलं की राख खड्ड्यात घालून वर झाड लावत्यात. जित्याचं कुठं?
एक रोप उरलं. करंज. सभेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "सखाराम, तुमच्या भोराकडं आहे का कुणी अशी?" तोंडातून निघून गेलं, माझी अक्का. भोंगवलीत सासरी. बायांना मत द्या म्हणून भोर संस्थानच्या दरबाराला अर्ज करायचाय, घरोघर अंगठे घेत हिंडती. बाईंनी लगेच पाटी लिहिली. लई भारी वाटलं. पत्र टाकलं.

ता. २६ फेब्रु.
अक्काचं पत्र. तिच्याच हातचं, वाकडंतिकडं. आशीर्वाद न्हाई काय न्हाई. "सखा, तुझं पत्र माझ्या हाती यायच्या आधीच मास्तरांनी पारावर वाचलं. सासूबाईंनी बोंब ठोकली, सुनेच्या नावानं झाड लावलं म्हणून. आता बाया म्हणत्यात, अर्जावर पयली सही हिची, पयलं झाड हिचं, दुसरं आमचं. चौदा अंगठे व्हते. नऊ जणी खोडा म्हणत्यात. हे काय केलंस रं?"
जेवलो न्हाई. म्या तर चांगलं म्हणून...

ता. २७
पाटी उपटली. मोठ्या बाई रागावल्या. "अरे, हा तिचा मान आहे!" मान असंल. पर भोंगवलीत तो मयताचा खड्डा हाय. दोन्ही खरं कसं? पाटी परत लावली. दुपारी परत काढली. जोडीचा माळी भिकूदादा म्हणतो, "सख्या, पाटीला बिजागरी बसवून घे."

ता. १९ मार्च
अक्काचं दुसरं पत्र. "बायांचं ठरलं. झाड जगलं तर अंगठे ऱ्हातील, वाळलं तर खोडायचे. पाडव्याआधी अर्ज दरबारात जायचाय. खरं लिव. मला बरं वाटावं म्हणून लिवू नको."
पळत गेलो. निम्मी पानं गळालेली. खारं वारं. आमच्या ओढ्याला करंज कुणी न लावता येतो, हितं मात्र...

ता. २२
शेणखत. गोणपाटाचा आडोसा. भिकूदादा: "मागं वाफ्यात करंजाची दहा रोपं आहेत. बदलून टाक. भोंगवलीहून कोण येतंय बघायला?" हसलो. मग हसू गेलं. बदललेलं रोप अक्काचं कसं? आन् काढून टाकलं ते? म्हंजी झाडात अक्काचा जीव हाय असं म्याबी तिच्या सासूवानीच मानतो की काय!

ता. २५
पान एक न्हाई. नखानं साल खरवडली. शेंड्याला कोरडं. बुडाशी हिरवं वाटलं. भिकूदादा म्हणतो पिवळं. आणखी जरा खरवडलं. आता भ्या वाटतंय, म्याच सोलून मारीन.
कार्ड घेतलं. पत्ता लिवला. "ती. अक्कास सा. न. झाड" एवढं लिवून बसलोय. डाक चारला निघती.