खड्ड्यावरचा पहारा

३ मार्च, सकाळी
आजपासून रोज लिहिणार. (कालपर्यंत लिहिलं नाही, कारण वही सापडत नव्हती.) पुलाजवळचा जुना मैलाचा दगड वाचवण्यासाठी समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी, सेक्रेटरी दवाखान्यातला कंपाउंडर, सभासद माझा मेहुणा. रस्ता रुंद होतोय. पण १५ तारखेला पुरातत्त्व खात्याच्या बाई पाहणीला येणार. त्यांनी दगड रजिस्टरात चढवला की रस्त्याला वळसा घालावाच लागेल. म्हणजे दगडाने फक्त बारा दिवस उभं राहायचंय. दीडशे वर्षं तो तेच करतोय. आपण हातसुद्धा लावायची गरज नाही.

६ मार्च
दगडासमोरचा पंक्चरवाला म्हणाला, उद्या जेसीबी येतोय. सौ. म्हणाली, अहो, ऑफिसात फोन करून विचारा तरी. फोन करायचा म्हणजे शत्रूला सावध करायचं. हिला स्ट्रॅटेजी कळत नाही. एकतीस वर्षं मुलांना भूगोल शिकवलाय, मैदान मला कळतं.

७ मार्च, सकाळी आठ
पहाटे काम फत्ते. मेहुण्याचा टेम्पो, दोन पहारी, चेनपुली, गोणपाटं. दगड अर्धा जमिनीत असतो हे ठाऊक नव्हतं. मेहुण्याची कंबर धरली. एका कोपऱ्याचा टवका उडाला, अक्षरं शाबूत. आता दगड आमच्या हॉलमध्ये आडवा, वर टेबलक्लॉथ. ही चोरी नव्हे. तात्पुरतं स्थलांतर. कंपाउंडरला सांगितलं नाही, त्याच्या पोटात काही राहत नाही.

संध्याकाळी
जेसीबी आला. रस्त्याच्या पलीकडे पाइपलाइनचा चर खणला आणि गेला. दगडाच्या बाजूला फिरकलाही नाही. असो. सावध असलेलं बरं.

८ मार्च
सगळीकडे बोंब, दगड चोरीला गेला. कंपाउंडर खड्ड्याजवळ बसून ढसाढसा रडला. माणसं जमली. मला बोलायचा आग्रह झाला. खरं सांगायच्याच बेतात होतो, पण भाषण भलतीकडेच गेलं. फार चांगलं झालं. चोराला पाताळातून शोधून काढू म्हणालो. टाळ्या. शोधपथकाचा प्रमुखही मीच. पुरावा नष्ट होऊ नये म्हणून खड्ड्यावर चोवीस तास पहारा ठेवावा, ही सूचना माझी. एकमताने मंजूर.
घरी येऊन चप्पल काढताना लक्षात आलं की दगड परत ठेवायचा तर त्याच खड्ड्यात ठेवावा लागेल.

१० मार्च
पथकाची मीटिंग आमच्याकडे. कंपाउंडरने कपबशी सरळ टेबलक्लॉथवर ठेवली. मग क्लॉथवरून हात फिरवून म्हणाला, सर, टेबल काय भक्कम आहे, शिसवी का? हो म्हटलं. सौ. आत निघून गेली. हसायला की रडायला, कळलं नाही. दगडाचा तपास जोरात सुरू असल्याचा ठराव पास.

१२ मार्च, पहाटे
दगड घेऊन गेलो. मेहुणा कंबरेला पट्टा बांधून. पंक्चरवाला खड्ड्याच्या काठावर खाट टाकून टक्क जागा. म्हणाला, सर, गाडीत काय? म्हटलं, जुनं फर्निचर. म्हणाला, इथं गाडी थांबवायची नाही, अध्यक्षांचा हुकूम आहे. म्हटलं, अरे, अध्यक्ष मीच. म्हणाला, म्हणून तर नीट समजावून सांगतोय. शाबासकी देऊन परतलो. माणूस प्रामाणिक आहे. निवड माझीच.

१३ मार्च
सौ. म्हणाली, आत्ताच्या आत्ता सांगून टाका, लोक चार शिव्या देतील आणि मिळून दगड बसवतील, अजून दोन दिवस आहेत. मुद्द्यात तथ्य आहे. उद्या सांगणार. आज घसा बसलाय.

१४ मार्च
घसा सुधारला. पण आज सांगितलं तर लोकांचा समितीवरचा विश्वास उडेल. त्यापेक्षा दगड ओढ्याकाठी टाकून आपणच शोधून काढावा. मेहुण्याला दहा फोन. स्विच ऑफ. उद्या सकाळी नक्की.

१५ मार्च, दुपारी
बाई लवकर आल्या. खड्ड्यात उतरल्या, टेपने मोजलं, लिहायला लागल्या. कंपाउंडर हात जोडून म्हणत होता, मॅडम, आठच दिवस द्या, आम्ही शोधतो. माझ्या तोंडून निघून गेलं, दगड माझ्याकडे आहे. बाईंनी टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली.
बाई घरी आल्या. क्लॉथ काढला, अक्षरांवरून बोटं फिरवली. म्हणाल्या, अस्सल आहे, या रस्त्यावर इतका चांगला दुसरा नाही. अर्धा मिनिट मला फार आनंद झाला. मग म्हणाल्या, रस्ता वळवतात तो जागेवर उभ्या दगडासाठी. उचललेला दगड म्हणजे संग्रहालयाचा माल, तिथे असे एकोणीस पडलेत. आत्ता लगेच बसवला तर, असं मी विचारलं. म्हणाल्या, काल बसवला असतात तर मला कळलंही नसतं. आता डोळ्यांनी पाहिलंय.
कंपाउंडरने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

१९ मार्च
ट्रक येऊन दगड घेऊन गेला. पावतीवर 'दगड, नग एक'. समिती बरखास्त झाल्याचं मेहुण्याकडून कळलं. मला कोणी बोलावलं नव्हतं.

२ एप्रिल
आज पुलापाशी गेलो. रस्ता सरळ, रुंद, काळाभोर. दगड मी घालवला. जेसीबीने नाही, खात्याने नाही, मी. हे इथे पहिल्यांदाच लिहितोय. निदान जागेवर क्षणभर उभं राहावं म्हणून कडेकडेने दोनदा फिरलो. जागा सापडेना. शेवटी रुंदीकरणात दुकान पुलापलीकडे हलवलेल्या पंक्चरवाल्याला विचारलं, दगड नक्की कुठे होता रे? तो म्हणाला, सर, शाळेत असताना ते तर तुम्हीच आम्हाला दाखवायचात. मला दाखवता आलं नाही.