खुशीची निवड, आणि मी बाहेर

नागपूर, रविवार

प्रिय मालूताई,

नमस्कार. आधी गोड बातमी वाच: आपली खुशी तिरंदाजीच्या संघात आली!

इथे एकाग्रताही मोजतात. शंभर आकडे विखुरलेला कागद देतात आणि मिनिटभरात ते क्रमाने शोधायला सांगतात. तुझ्या नातीला सहाच सापडले. मी खिडकीशी हात जोडून उभी होते. परीक्षक बाई म्हणाल्या, "मावशी, पोरगी तुमच्याकडेच पाहून राहिली. बाहेर बसा बरं."

दुसऱ्या खेपेला अठरा!

"रागावली का वं, आजी?" खुशीने विचारलं. मला हसूच आलं. कॉन्व्हेंटच्या गॅदरिंगला सिस्टरनी तुला पहिल्या रांगेतून उठवलं, तेव्हाच स्टेजवर माझी अडलेली कविता पुढे गेली होती, आठवतं?

गुडघा कसा आहे? सामन्याला नक्की ये. आपण दोघी गेटबाहेर संत्री सोलत बसू.

तुझीच,
कुमुद